बागेची वही आहे, माणसाची कुठे?



निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या कोणत्याही निर्यातदार द्राक्ष बागायतदाराच्या घरी जा आणि फवारणीची वही मागा. घरधनी उठतो, कपाटावरची वही काढतो आणि पुढ्यात ठेवतो. कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, एकरी पाणी किती लागलं, कोणत्या रोगासाठी मारलं, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

आता त्याच घरात दुसरा प्रश्न विचारा. आजोबांना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? उत्तर येतं, "ती पांढरी, बारीक. सकाळी एक देतो." गोळीचं नाव? "पाकीट बघावं लागेल." मागच्या वेळी साखर किती निघाली? "रिपोर्ट होता, पण कुठं ठेवलाय काय माहीत."

वेलीची नोंद आहे, माणसाची नाही. आजचं लिहिणं याच गोष्टीवर आहे. शेतीच्या पानावर दवाखाना कशाला, असं कोणी म्हणेल. पण दुष्काळाने जितकी घरं खाली बसली तितकीच आजारपणानेही बसली, हे गावोगाव फिरणाऱ्या आम्हा विस्ताराच्या माणसांना चांगलं माहीत आहे. एका दुखण्यात बैलजोडी जाते, दुसऱ्यात जमिनीचा तुकडा जातो. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

चुलत्यांची पिशवी

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझे चुलते शेतात चक्कर येऊन पडले. रात्री नाशिकच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी हृदयाचा त्रास होता का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? कोणतं औषध सोसत नाही? चुलतीने बरोबर आणलेली कापडी पिशवी उलटी केली. सोसायटीची पावती निघाली, खताचं बिल निघालं, एक लग्नपत्रिका निघाली. दवाखान्याचे कागद तीनच, तेही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले. मागच्या कार्डिओग्रामची पट्टी सापडली, पण त्यावरच्या रेघा उडून कागद कोरा झालेला. "ही पट्टी वाचता आली असती तर आजचा बदल नवा की जुना, लगेच कळलं असतं," डॉक्टर म्हणाले.

सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. अर्धी रात्र त्यात गेली. नर्सबाई एक इंजेक्शन भरून घेऊन आल्या, तेव्हा चुलती एकदम म्हणाली, "हे तेच तर नाही? मागं एका इंजेक्शनाने यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती." नाव काही तिला आठवेना. डॉक्टरांनी धोका नको म्हणून दुसरं औषध दिलं. चुलते वाचले, आज हिंडते-फिरते आहेत. पण ज्या माहितीवर त्यांचा जीव टांगलेला होता, ती एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीत होती. कागदावर कुठेच नव्हती. आणि घरात कृषी पदविका घेतलेला पुतण्या होता, जो गावाला नोंदवह्या ठेवायला शिकवत फिरतो! दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

वही ठेवायला आपण कसे शिकलो?

नोंद ठेवायची सवय आपल्याला हौसेने लागलेली नाही. युरोपात औषधांच्या अंशामुळे द्राक्षं अडकली, तेव्हा लागली. २००३ च्या सुमारास हा फटका बसला. २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट ही संगणक व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी, पॅकहाऊस, पेटीवरचा क्रमांक हे सगळं एका साखळीत आलं. पेटी परदेशात उघडली तरी माल कोणत्या प्लॉटमधला, हे शोधता येऊ लागलं. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी कंटेनर अडकले आणि शहाणपण पुन्हा विकत घ्यावं लागलं.

द्राक्षाच्या पेटीला जे मिळालं ते माणसाला मिळायला पाहिजे की नको? तो कोणत्याही दवाखान्यात गेला तरी त्याची मागची कहाणी त्याच्याबरोबर पोचली पाहिजे. सरकारने माणसांसाठी अशी व्यवस्था मांडली आहे. तिचं नाव आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी तिची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ती देशभर लागू झाली. तिच्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो.

आभा म्हणजे काय, आणि काय नाही

इथे गावात मोठा घोळ आहे, तो आधी सोडवू. आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. आभा कार्ड दाखवलं म्हणून ऑपरेशन फुकट होत नाही. मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. ती योजना २०१८ ची, आणि आपल्या राज्यात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर चालते. या योजनांत जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, अर्थात ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यांतच. त्याची चौकशी १४५५५ किंवा १५५३८८ या क्रमांकावर करावी.

मग आभा कशाला? सातबाऱ्याला जसा गट क्रमांक, तसा तुमच्या आरोग्याच्या कागदांना आभा क्रमांक. दवाखान्याच्या संगणकात तुमचा केसपेपर, तपासणी, डिस्चार्ज कार्ड या क्रमांकाला जोडलं गेलं, तर ते तुम्हाला मोबाईलवर बघता येतं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतं. कागद दिल्लीत एका जागी गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्याने तयार केले त्याच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरने मागितले तर तुमच्या मोबाईलवर विचारणा येते. कोणते कागद आणि किती दिवसांसाठी दाखवायचे, हे तुम्ही ठरवायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. शिवाय केसपेपरच्या खिडकीवर लावलेला चौकोनी कोड मोबाईलने टिपला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि आता देशभरातल्या अनेक दवाखान्यांत आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आभा क्रमांक काढला म्हणजे नोंद आपोआप होत नाही. दवाखान्याचा संगणक या व्यवस्थेला जोडलेला पाहिजे आणि खिडकीवर तुमचा क्रमांक टाकला गेला पाहिजे. नाहीतर खातं रिकामंच राहतं. शिबिरात किती कार्डं काढली याचे आकडे वर जातात, पण त्यातल्या किती खात्यांत एकतरी कागद आला, हे कोणी विचारत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी या कार्डाची गत होता कामा नये.

मोबाईल कोणाचा, ओटीपी कोणाकडे?

शेतकरी ओळख क्रमांकाच्या शिबिरांत आम्ही जे पाहिलं ते इथे सांगतो, कारण तोच खड्डा पुढेही आहे. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा? अनेकांचा बंद पडलेला. कोणाचा पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा. कोणाचा तर चक्क केंद्रचालकाचा, कारण त्या दिवशी घाई होती! आता ओटीपी तिकडे जातो आणि माणूस इकडे रांगेत उभा.

शेतीच्या अनुदानात या घोळाने पैसे अडकतात. दवाखान्यात त्याहून वाईट होईल. ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात तुमच्या घरातल्या दुखण्यांची किल्ली. म्हणून आधी आधारचा मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या विश्वासू माणसाचा करून घ्या, मगच आभा काढा. ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नका, मग तो बँकेतून बोलतोय म्हणो की दवाखान्यातून. आणि आभा ऐच्छिक आहे, हेही ध्यानात ठेवा. ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

घरातल्या बाईचं आजारपण, मुलीची तपासणी, कोणाचा क्षय, कोणाचं मन बिघडलेलं, ही माहिती चावडीवर जायची वस्तू नव्हे. शिबिरात याद्या मोठ्याने वाचू नयेत, भिंतीवर लावू नयेत. रुग्णाच्या कागदाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्याला तिथल्या तिथे अडवावं. मदतीसाठी टाकला असला तरीही.

डॉक्टरांचा संगणक आणि आपला हक्क

तालुक्याच्या गावी आता अनेक खाजगी डॉक्टरांकडे संगणक आला आहे. चिठ्ठी छापून मिळते, अक्षर वाचता येतं, हा मोठाच फायदा. काही ठिकाणी रुग्णाला स्वतःचं खातंही मिळतं. त्यात रिपोर्ट, पुढची तारीख, बिल सगळं दिसतं. हे चांगलं आहे, ते वापरा. मात्र तीन गोष्टी पाळा.

पहिली. खात्यात दिसतं म्हणून छापील प्रत सोडू नका. डॉक्टर दवाखाना बंद करतात, गाव बदलतात, एका कंपनीचं सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्या कंपनीचं घेतात. त्या हलवाहलवीत जुन्या नोंदी मागे राहू शकतात. महत्त्वाचा रिपोर्ट मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि कागदही जपा.

दुसरी. आलेला कागद आपलाच आहे ना, ते बघा. नाव, वय, तारीख वाचा. एका गावात एकाच नावाची चार माणसं असतात. रिपोर्ट स्कॅन करताना एकाचा दुसऱ्याच्या नावावर चढला तर संगणक काही ओरडत नाही.

तिसरी. मागायला लाजू नका. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं रुग्णाला मिळाली पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद तीन वर्षं जपायची असते आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असते. अर्ज लेखी करा, पोच घ्या. भांडायची गरज नाही. नियम माहीत आहे एवढं कळलं तरी बहुतेक ठिकाणी काम होतं.

सातबाऱ्याने शिकवलेलं

सातबारा संगणकावर चढला तेव्हा काय झालं, ते तलाठी भाऊसाहेब आणि शेतकरी दोघेही विसरलेले नाहीत. कोणाचं क्षेत्र कमी लागलं, कोणाचं नाव गळालं, कोणाच्या आडनावाचा काना हरवला. मग कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज, आणि तहसीलचे हेलपाटे. आज डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, ही सोय खरी. पण तिच्याआधी दुरुस्तीची ती पायपीट होऊन गेली आहे.

आरोग्याच्या नोंदीत तेच व्हायचं नसेल तर चूक सुरुवातीलाच पकडली पाहिजे. जमिनीचा गुंठा चुकला तर वर्षभराने दुरुस्त होतो. रक्तगट चुकीचा चढला, किंवा न सोसणाऱ्या औषधाचं नाव राहून गेलं, तर वर्षभर थांबायला माणूस राहील का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आपल्या माहितीतली चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. पण दवाखान्याच्या खिडकीवर "साहेब, माझं वय चुकलंय" असं म्हणायला कोणत्याही कायद्याची वाट बघायची गरज नाही.

सुरगाण्याहून उतरणारी माणसं

या व्यवस्थेची खरी गरज बंगल्यातल्या बागायतदारापेक्षा त्याच्या बागेत काम करणाऱ्याला जास्त आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं छाटणीला आणि काढणीला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. गरोदर बाईची पहिली तपासणी डोंगरावरच्या उपकेंद्रात, आणि कळा सुरू होतात बागेतल्या शेडमध्ये. तिचं रक्त किती होतं, सिकलसेलची तपासणी झाली होती का, हे इथल्या डॉक्टरला कोण सांगणार? सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. तिच्यात तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ते कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड या दोन वस्तू कपड्याच्या बोचक्यात सगळ्यात वर पाहिजेत.

क्षयाच्या रुग्णांसाठी निक्षय ही नोंद व्यवस्था २०१२ पासून आहे. औषध सुरू असताना गाव बदललं तर निक्षय क्रमांक सांगून नव्या जागी तेच उपचार पुढे चालू ठेवता येतात. मधेच सोडलेलं क्षयाचं औषध फार महाग पडतं, रुग्णाला आणि शेजाऱ्यालाही.

डोंगरात रेंज नाही, अनेकांकडे साधा फोन आहे, कित्येकांकडे तोही नाही. तिथे मोबाईलवर बघा म्हणून सांगणं ही थट्टा आहे. अशा माणसाला कागद देणं दवाखान्याने कधीही बंद करता कामा नये. आणि बागायतदारांना माझी विनंती आहे, मुकादमाशी उचलीचा हिशेब करता तेव्हा मजुरांच्या आजारांचे कागद बरोबर आहेत का, एवढं विचारा. त्याला पैसा लागत नाही.

फवारणीची वही दवाखान्यात न्या

एक गोष्ट खास आपल्या कामाची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. फवारताना कोणाला मळमळ, घाम, धूसर दिसणं, लाळ, धाप असा त्रास झाला तर त्याला औषधापासून लांब हलवा, भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि तडक दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. निघताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या. लेबलवर औषधातल्या घटकाचं नाव असतं, विषारीपणाचा त्रिकोण असतो, उतारा लिहिलेला असतो. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. "कसलं तरी कीटकनाशक होतं" एवढ्यावर डॉक्टरने काय करावं? सगळ्या विषांवर एकच उतारा चालत नाही. दोन-तीन औषधं मिसळून मारली असतील तर फवारणीची वहीच उचला. त्या वेळी ती वही माणसाचा केसपेपर असते.

आजच करायचं काम

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. संगणक येईल तेव्हा येईल, आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं करा.

घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाईल करा. कागद तारखेने लावा, नवा सगळ्यात वर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: नाव, वय, तपासून घेतलेला रक्तगट, जुने आजार, झालेली ऑपरेशनं, न सोसणारं औषध, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटावरून उतरवलेली नावं, कोणती किती वाजता. गोळी बदलली की त्या दिवशीच पान बदला. कार्डिओग्रामची पट्टी ज्या कागदावर येते त्याची अक्षरं उष्णतेने आणि काळाने उडतात. तिची झेरॉक्स लगेच काढा. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाचा सरळ, उजेडात, चारी कोपरे दिसतील असा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. ज्यांना जमतं त्यांनी हेच कागद आरोग्य लॉकरच्या अ‍ॅपमध्येही चढवावेत. पण अस्सल डिस्चार्ज कार्ड कोणालाही देऊन मोकळे होऊ नका, प्रत द्या.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई यांनाही एक सांगणं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. किती कार्डं काढली एवढंच मोजू नका. किती लोकांचा मोबाईल नंबर बरोबर आहे, किती जणांच्या पहिल्या पानावर न सोसणाऱ्या औषधाचं नाव आहे, हेही मोजा. गावातल्या कॉलेजच्या पोरांना दोन रविवार कामाला लावा, म्हाताऱ्यांच्या फायली तयार होतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत विचारा, आपल्या केंद्राचा संगणक या व्यवस्थेला जोडला आहे का, नसेल तर अडलंय कुठे? वीज, इंटरनेट की माणूस? उत्तर लेखी घ्या आणि ठरावात नोंदवा. आभाविषयी शंका असेल तर १४४७७ हा क्रमांक आहे.

माझ्या चुलत्यांची फाईल आता कपाटावर, फवारणीच्या वहीशेजारी असते. पहिलं पान चुलतीने माझ्याकडून लिहून घेतलं. तिला वाचता येत नाही, पण न सोसणाऱ्या इंजेक्शनाचं नाव आम्ही जुन्या डॉक्टरांकडून शोधून काढलं आणि लाल शाईने लिहिलं. दवाखान्यात गेलं की ती फाईल उघडते, त्या लाल ओळीवर बोट ठेवते आणि डॉक्टरसमोर धरते.

तुमच्या घरात ती लाल ओळ कोणती, ते आज विचारून ठेवा.